शिरीषदादाने बाजू बदलली तो रविवार

वैशालीवहिनीचा फोन आला तेव्हा मी ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते शोधत होतो. त्या संध्याकाळी शिरीषदादाच्या फुटबॉल क्लबचा परतीचा सामना होता आणि तो टीव्हीवर एकत्र बघायला आम्ही त्यांच्याकडे निघणारच होतो. त्यामुळे तिला बोलूच न देता मी सुरू झालो, "वहिनी, चिकन मी घेतलंय, तुम्ही फक्त भाताचं बघा. आणि दादाला सांगा, हरल्यावर तोंड पाडायचं नाही." तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नंदूभाऊजी, शिरीष गेला. हॉस्पिटलमध्येच... ड्युटीवर असताना." हातातल्या पिशवीत चिकन होतं. ते मी का कोण जाणे घट्ट धरून उभा राहिलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. स्मृतिलेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, ते मी लिहीनच, पण माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिरीषदादा माझा आतेभाऊ. नाशिकला आम्ही एकाच शाळेत, तो पुढे, मी बराच मागे. वादविवाद स्पर्धेची फिरती ढाल त्याने इतक्या वेळा घरी आणली की ती फिरायची विसरली होती. मला एकदा उत्तेजनार्थ मिळालं. माझ्या वर्गातून मी एकटाच उतरलो होतो. पुढे तो हाडांचा डॉक्टर झाला, आयर्लंडला आला, आणि पश्चिमेकडच्या एका समुद्राकाठच्या गावात सरकारी हॉस्पिटलात रजिस्ट्रार म्हणून, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा करारावरचा डॉक्टर म्हणून लागला. त्याच्या मागोमाग मी आलो, डब्लिनला, कॉम्प्युटरवर बसायला. त्या गावाला एक फुटबॉल क्लब आहे. एकच स्टँड, बाकी तीन बाजूंनी वारा. एका शनिवारी क्लबच्या कुणाचा तरी खांदा दादाने मैदानावरच जागेवर बसवला आणि त्या दिवसापासून तो त्यांचा 'डॉक' झाला. हा सगळा उद्योग फुकट, सुट्टीच्या दिवशी, पावसात. वहिनी म्हणायची, "आठवडाभर हाडं बसवतो, शनिवारी हौसेने बसवतो."

छोटा देश असल्यामुळे हा छोटा क्लबसुद्धा अधूनमधून युरोपच्या पात्रता फेरीत जाऊन पोचायचा, आणि समोर कुणीतरी बलाढ्य यायचं. ज्यांच्या राखीव गोलकीपरच्या पगारात आमचं आख्खं मैदान विकत येईल असे. असा सामना ठरला की आधीच्या रविवारी दादाच्या जेवणाच्या टेबलावर वादविवाद स्पर्धा व्हायची. अगदी शाळेतल्यासारखी. विषय ठरलेला, 'आपला क्लब युरोपातल्या बड्या क्लबला आव्हान देऊ शकतो.' माझी बायको मेधा परीक्षक. वेळ संपली की ती चमच्याने ताट वाजवायची. दादाची मुलगी इरा, कॉलेजात जाणारी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तरं पक्क्या आयरिश इंग्रजीत देणारी, ती श्रोतृवर्ग. अनुकूल बाजू कायम दादाची. तो उभा राहायचा, "सन्माननीय परीक्षक, आणि माझे स्थूल प्रतिस्पर्धी..." अशी सुरुवात करायचा, आणि मग त्या गावचा वारा, एका बाजूला उतरतं मैदान, विमानातून आलेल्या पाहुण्यांचे आखडलेले पाय, असं काय काय रचत जायचा. प्रतिकूल बाजू माझी. मला ऑफसाइड आजही कळत नाही, पण मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवायचो. आकडे सगळे माझ्या बाजूला आणि ताटावरचा निकाल मात्र दरवेळी त्याच्या. "नंद्या," तो म्हणायचा, "तू फक्त बरोबर असतोस रे. बरोबर असण्याला कुणी ढाल देत नाही." आणि क्लब नियमाने हरायचा. दादा नियमाने म्हणायचा, "पुढच्या वेळी."

या उन्हाळ्यात पुन्हा असा सामना ठरला. रविवारी मी लॅपटॉप चार्ज करून पोचलो. वरण-भात, बटाट्याची भाजी झाली. दादाने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "आज बाजू बदलू. मी प्रतिकूल."

"दादा, तू?" मेधा म्हणाली. "मग हा काय बोलणार? याच्याकडे स्वतःचं एकही वाक्य नाही."

"त्याला माझी वाक्यं वापरू दे. जुनी झालीत, पण धुतलेली आहेत."

मी काहीतरी बोललो. वारा, उतार, आखडलेले पाय. इरा म्हणाली, "दॅट वॉज ब्रुटल, काका," म्हणजे इथल्या भाषेत अगदीच भिकार. मग दादा उभा राहिला. स्थूल प्रतिस्पर्धी वगैरे काही नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, मैदानात उतरायला मिळालं म्हणजे संधी मिळाली असं नाही. छोट्या क्लबला बोलावतात, कारण स्पर्धा सगळ्यांना खुली आहे असं दिसावं लागतं. त्याने चांगलंही खेळायचं असतं, नाहीतर तिकीट काढणाऱ्यांना मजा येत नाही. फार चांगलं खेळायचं नसतं. मग सामना संपला की मोठे लोक येऊन हात मिळवतात आणि म्हणतात, वा, काय झुंज दिलीत, पुढच्या वेळी नक्की... आणि छोटा क्लब ते खरं मानून पुन्हा सराव सुरू करतो. "त्याची चूक हरण्यात नाही," दादा म्हणाला, "ते हात मिळवणं खरं मानण्यात आहे. धन्यवाद." ताट वाजायच्या आतच तो बसला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मेधा म्हणाली, असं भाषण तिने आयुष्यात ऐकलं नाही. मी म्हणालो, अरे, माझी बाजू मी एवढी वर्षं वाया घालवली. फक्त वहिनी ताटं उचलायला लागली, खरकटी एकात एक, भराभर.

घरच्या मैदानावरचा सामना गुरुवारी झाला. दादा नेहमीसारखा बॅग घेऊन रेषेबाहेर उभा होता. आमचे पोरगे जिवाच्या करारावर खेळले, बराच वेळ बरोबरी टिकली, आणि शेवटी दोन गोल खाल्ले. त्यांच्या मैदानावरच्या परतीच्या सामन्याच्या दिवशी वॉर्डातून ऑपरेशन थिएटरकडे जाताना दादाचं हृदय थांबलं.

अंत्ययात्रेला सगळं गाव रांगेत होतं. इथे एकेक जण येऊन हात हातात घेतो आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतो, तसं सगळे म्हणाले. क्लबचे खेळाडू दोन्ही बाजूंना स्कार्फ घालून उभे. ते रडत होते आणि ते खरं होतं. मग हॉस्पिटलचे एक मोठे गृहस्थ आले, त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाले, "ही वॉज वन ऑफ अवर ओन." वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे.

नंतर स्वयंपाकघरात, प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढता काढता, तिने मला सांगितलं. कन्सल्टंटच्या कायमच्या जागेसाठी दादा पुन्हा मुलाखतीला गेला होता. इतकी वर्षं करारावर करार, आणि दर वेळी पुढच्या वेळी. या वेळी त्याला खात्री होती. त्याने घरासाठी पडदेसुद्धा बघून ठेवले होते, भाड्याच्या घराला तो कधी पडदे घेत नसे. निकाल त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी आला. जागा ज्याला मिळाली त्याला पहिलं हाड कसं धरायचं ते दादानेच शिकवलं होतं. "आणि युअर मॅनने, मघाशी तुमचा हात धरून उभा होता ना, त्याने फोन करून सांगितलं, व्हेरी स्ट्राँग कॅन्डिडेट होतास म्हणून," वहिनी म्हणाली. "त्याचा आणि हार्टचा संबंध जोडू नका हं, भाऊजी. तो डॉक्टर होता, त्याला आवडलं नसतं." मी जोडत नाही. पण मला तो तोडताही येत नाही.

गेल्या शनिवारी मी तिच्याबरोबर हॉस्पिटलात त्याचं सामान आणायला गेलो. डॉक्टरांच्या खोलीत लॉकरची रांग आहे. कायमच्या लोकांच्या दारांवर कोरलेल्या पाट्या, स्क्रूने बसवलेल्या. दादाच्या दारावर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा पांढरा तुकडा, त्यावर मार्करने त्याच्याच अक्षरात नाव. आत एक जर्किन, एक डबा, ओले होऊन वाळलेले बूट. वहिनीने ते पिशवीत भरलं आणि मग तो तुकडा काढायला गेली. निघेना. तिने नखाने कड उचलली, तर वरचा कागद आला आणि खाली चिकट थर तसाच, त्यात अक्षरं उमटलेली. एक वयस्कर नर्स स्पिरिटचा बोळा घेऊन आली, बरंच घासलं, आणि म्हणाली, लीव्ह इट, लव्ह, नव्या माणसाचं नाव यावरच चिकटवतील. वहिनीने हात खाली घेतला. खोलीत एक तरुण मुलगा कोट घालून उभा होता, नवीन आलेला, छातीवरच्या बिल्ल्यावर मराठी आडनाव. हातात तशाच चिकटपट्टीची गुंडाळी आणि मार्कर. आम्ही बाजूला व्हायची तो वाट बघत होता.