वाटूर फाट्यावरचं गोदाम

आदिनाथनं कोर्टात शपथपत्र दिलं, माझ्या नावावर काही नाही, मी वडिलांच्या शेतात राबणारा माणूस. त्या दिवशी त्यानं बोटांतल्या अंगठ्या तेवढ्या आठवणीनं काढून ठेवल्या होत्या. त्यांचे पांढरे वळ लपवायचं काही त्याला सुचलं नाही. वंदनाला ते समोरच्या बाकावरून दिसत होते, पण वळांचा पुरावा होत नाही, असं वकीलबाईंनी तिला सांगितलं.

घटस्फोटाचा दावा लागल्यापासून वंदना मंठ्याला भावाच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. ब्लाउज शिवून जेमतेम भाजीपाला निघायचा. नऊ वर्षांच्या लेकीला, अक्षताला, झटके यायचे, तिच्या गोळ्या एक दिवसही चुकवून चालत नव्हतं. भाऊ वाईट नव्हता, पण त्यानंही परवा मान खाली घालून सांगितलं होतं, "ताई, दिवाळीपस्तोर बघ कुठं तरी."

अशात कोर्टाचा हुकूम झाला. वाटूर फाट्यावरच्या गोदामाची कोर्टानं नेमलेल्या कमिशनरनं पाहणी करावी, पंचांसमोर तिथला धंदा कोणाचा ते नोंदवावं. गोदाम आदिनाथनंच बांधलेलं; कागद मात्र त्याच्या वडिलांच्या, धर्मराजच्या नावावर. वकील शीतलबाई म्हणाल्या, "ताई, एवढी नोंद झाली ना, की पोटगी ठरताना तो मजूर म्हणून सुटणार नाही." त्या रात्री वंदनाला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

पाहणीच्या दिवशी शटर वर गेलं आणि कमिशनरसाहेब दारातच थांबले. आत छतापर्यंत बियाण्यांच्या आणि खताच्या थप्प्या, मागं दोन कोरे ट्रॅक्टर, कोपऱ्यात काचेचं थंडगार ऑफिस. एवढ्या दौलतीचा धनी म्हणून पुढं आला कोण, तर फाटक्या चपलेतला धर्मराज. आदिनाथ बाहेर फोन कानाला लावून उभा होता. बायकोकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"समदं माझं हाय साहेब," धर्मराज म्हणाला. "पोरगं आपलं मदतीला येतं."

"तुमचं काय म्हणणं, बाई?"

वंदनानं डोक्यावरचा पदर सारखा केला. सासऱ्यापुढं तिनं आजवर कधी तोंड वर केलं नव्हतं. "साहेब, गोदामाच्या वास्तूला पाटावर कोण बसलं होतं, ते पंचांनाच इचारा. मामा तर त्या दिशी पंगतीत पाणी वाढत होते. पूजेला आम्ही दोघं जोडीनं बसलो होतो."

ज्याची वास्तू, त्याचीच जोडी पाटावर. हे काय तिकडच्या माणसाला समजावून सांगावं लागतं? दोन्ही पंचांनी त्या पंगतीत लाडू हाणले होते. एक जण चपलेशी चाळा करत राहिला. दुसरा, भिवा, घसा खाकरून म्हणाला, "बसले तर हेच दोघं होते..."

कमिशनरनं पेन उचललं. शीतलबाईंनी वंदनाचा हात दाबला.

तेवढ्यात धर्मराज ऑफिसातल्या देवाच्या फळीकडं गेला. खंडोबापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा त्यानं मुठीत घेतला आणि मूठ कपाळाला लावली. "बेलभंडारा उचलून सांगतो. खोटं बोलत असंल तर माझ्या घरच्या लेकराला..."

भंडारा उचलल्यावर त्या भागात कोणी पुढं विचारत नाही. आणि खोटा उचलला तर तो घरातल्या लेकरावर जातो, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. धर्मराजला एकच मुलगा आणि त्या घरात लेकरू एकच, अक्षता. गेल्या आठवड्यात पोर अंगणात आडवी झाली होती. तोंडाला फेस, डोळे पांढरे. वंदनाला दुसरं काही दिसेना.

"मामा, नका!" ती किंचाळली. "तुमचंच हाय. साहेब, लिहा, त्यांचंच हाय समदं."

"ताई, काय बोलताय हे?" शीतलबाई पुढं आल्या. कमिशनरनं पुन्हा विचारलं, नीट समजावून विचारलं. वंदनानं तेच सांगितलं. मग ते लिहिलं गेलं, वाचून दाखवलं गेलं, आणि तिनं खाली सही केली.

ती बाहेर आली, तर धर्मराज मागोमाग आला. त्याचे डोळे वाहत होते, भंडाऱ्यानं तळहात पिवळा झाला होता. "माझी बी नात हाय ती, पोरी. तू घडीभर गप राह्यली असतीस ना, तर म्या मूठ सोडून देली असती. म्होरला शब्द माझ्या तोंडातून निघतच नव्हता."

वंदना धावत कमिशनरच्या गाडीपाशी गेली, काचेवर थापा मारू लागली. "साहेब, खोडा ते! भ्यानं बोलले मी, पोरीच्या भ्यानं!"

"बाई, पंचांसमोर सही केलीय तुम्ही. आता जे सांगायचं ते कोर्टात सांगा." गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली.

ती तशीच वळली आणि तिनं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "मंग कोर्टात चला, मामा. आत्ता मला सांगितलं ना, तेवढंच तिथं सांगा. तुमच्या नातीसाठी."

धर्मराजनं एकदा मुलाकडं पाहिलं. आदिनाथचा फोन अजून कानालाच होता.

"ते कसं जमंल, बाई," म्हातारा म्हणाला, आणि हात सोडवून घेऊन शटर ओढायला गेला.