गाळणी मास्तर

आमच्या लोणावळ्यात बायस्कोपला सर्वांत जास्त शिव्या घालणारा माणूस एकही खेळ चुकवत नसे. सकाळी फळ्यासमोर उभं राहून "बायस्कोप म्हणजे डोक्याला लागलेली कीड" असं पोरांना बजावायचं आणि संध्याकाळी उपरणं सावरत तंबूत पहिल्या खुर्चीवर जाऊन बसायचं, हा मास्तरांचा नेम. वरून कीर्तन, आतून तमाशा! कुणी विचारलंच तर म्हणत, "मी बघायला जात नाही, समाजाला सांभाळायला जातो." समाजाने त्यांना कधी बोलावणं धाडलं होतं, देव जाणे.

तेव्हा पडद्यावरची माणसं मुकी होती. ओठ हलायचे, मग एक काळी पाटी यायची आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं बोलणं. तंबूत बसणारे बहुतेक रेल्वेच्या गँगमधले, हमाल, नाहीतर गवताचे भारे विकायला आलेले. त्यांना कुठलं आलंय वाचायला? म्हणून तंबूवाल्याने मास्तरांना फुकट खुर्ची दिली होती आणि त्यांनी पाट्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, असं ठरलं होतं. आवाज मात्र खणखणीत, पेटी-तबल्याच्या वर चढायचा. तेवढं श्रेय देते.

पोरं त्यांना गाळणी मास्तर म्हणायची. गाणं असो, गोष्ट असो, जत्रेतलं सोंग असो, त्यांच्या गाळणीतून गेल्याशिवाय पोरांच्या कानात पडता कामा नये. आमच्याच खोलीत वरच्या इयत्तेला टांगेवाल्याचा गफूर होता. एकोणतीसचा पाढा त्याला काही केल्या येईना. मग त्याने कामशेतच्या बाजारात ऐकलेल्या लावणीच्या चालीवर तो बसवला आणि वर्गात घडाघडा म्हणून दाखवला, एकही चूक नाही. मास्तरांनी त्याला हात सुजेपर्यंत छड्या मारल्या. म्हणाले, "पाढा बरोबर आला, पण वाईट मार्गाने आला." आता याला काय म्हणावं? गफूर त्यानंतर शाळेत फिरकला नाही, तंबूत सोडा विकायला लागला. एकोणतीसचा पाढा मला आजही त्याच चालीवर येतो.

माझी शाळा दुसरीनंतर सुटली, तीही मास्तरांच्याच कृपेने. आमचे आबा मूळचे वडिवळ्याचे, रेल्वेत गँगमन. अंगठेबहाद्दर, पण बायस्कोपचं भारी वेड. आई गेल्यापासून ते मला बरोबर न्यायचे. तंबूत मधे दोर बांधलेला असे, मी त्याच्या अलीकडे बायकांत बसायची, ते पलीकडे पुरुषांत. मास्तर वाचत त्या प्रत्येक खेळात शिकलेल्या पोरीचं वाटोळं व्हायचं आणि आज्ञाधारक पोरीचं कल्याण. आबांना ते पटलं. पटेल नाही तर काय? डोळ्यांनी दिसत होतं, कानांनी ऐकू येत होतं. एकदा ते मास्तरांकडे सल्ला विचारायला गेले. मुलीला सही आली की पुरे, असा निकाल मास्तरांनी दिला आणि माझी पाटी माळ्यावर गेली. पुढे परंदवडीचं स्थळ चालून आलं. भात झोडून झालं की पाहुणे येणार होते. मी बारा-तेरा वर्षांची असेन. मला शाळेत जायचं होतं, बस. दुसरं काही सुचत नव्हतं. पण आबांशी वाद घालायची सोय नव्हती. "बायस्कोपात बगितलं न्हाईस का?" एवढं बोलून ते माझं तोंड बंद करत.

दोन इयत्तांची अक्षरं माझ्याकडे होती, पण पाटी वाचून होण्याआधीच निघून जायची. "मी" म्हणेपर्यंत पडद्यावर घोडे धावायला लागायचे. मला त्याचाच राग आला. खेळाच्या जाहिरातीचे कागद गावात वाटत, ते मी गोळा केले आणि चुलीपुढे बसून जलद वाचायचा सराव केला. जोडाक्षरं अडली की गफूरला विचारायची. जाहिराती तरी काय, "असा खेळ पुन्हा होणे नाही!" आणि तोच खेळ पुढच्या महिन्यात हजर. पण त्यांनी माझी जीभ आणि नजर जुळवून दिली. हळूहळू पाटी जायच्या आत अर्धी वाचून होऊ लागली, मग पूर्ण. आणि तेव्हा कळलं की हा गृहस्थ भलतंच वाचतो!

पाटीवर एक, मास्तरांच्या तोंडी दुसरंच. प्रेयसीची बहीण व्हायची. नायिका रात्रीची घर सोडून निघाली की मास्तर सांगत, मामाच्या गावाला चालली. बायस्कोपातल्या पोरींना इतके मामा कुठून आले, हा प्रश्न तंबूत कुणालाच पडला नव्हता. मागच्या खुर्च्यांवर स्टेशनातले बाबू बसत. त्यांना वाचता येत होतं, पण ते गालातल्या गालात हसत आणि गप्प राहत. त्यांचं काय जात होतं? फुकटची दुहेरी करमणूक. मास्तरांपेक्षा मला त्यांचीच जास्त शिसारी येते.

पाहुणे यायच्या आठवड्यात एक खेळ लागला. बाप मुलीचं लग्न एका म्हाताऱ्या सरदाराशी ठरवतो. मुलगी उभी राहते, मान हलवते आणि पाटी येते. मास्तरांनी वाचलं, "बाबा, आपली आज्ञा शिरसावंद्य!"

मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नाही. म्हटलं, "मास्तर, तसं न्हाई लिवलं. 'मी हे लग्न करणार नाही' असं लिवलंय."

पेटी थांबली. मास्तर मागे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मुली, तुला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही. खाली बस." मी बसले. तेवढ्यात पडद्यावरच्या त्या आज्ञाधारक मुलीने खिडकीतून उडी मारली, घोड्यावर टांग टाकली आणि ती धूम पळाली. सोड्याच्या पेटीपाशी उभा असलेला गफूर म्हणाला, "निगाली मामाच्या गावाला." सगळा तंबू हसला. आबा तेवढे हसले नाहीत.

घरी जाताना ते रुळांच्या कडेला रचलेल्या लाकडी स्लीपरांवर बसले. खरं काय लिहिलं होतं, ते त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी सांगितलं. मग आधीच्या खेळांचं विचारलं. जे जे वाचता आलं होतं ते सगळं सांगितलं. शिकलेल्या पोरींचं वाटोळं कुठेच झालं नव्हतं, एक तर डॉक्टरीण होऊन बापाच्याच उशाशी बसली होती. आबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा असा पडला होता की मलाच रडू आलं.

"मंजी मी मास्तरचाच खेळ बगत हुतो व्हय," ते म्हणाले. "परंदवडीला मी नगं म्हनून सांगावा धाडतो. तू उद्यापास्नं साळंत जा. घरात एक तरी वाचणारं पायजे पोरी, न्हाईतर समदं जग दुसऱ्याच्या तोंडानंच ऐकाया लागतं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. नजर ठेवायला बरं, असं कारणही दिलं. आणि ज्याचा मला संताप येतो ते हे, की त्यांनी शिकवलं मात्र उत्तम. व्याकरणात, गणितात गाळणी नव्हती. मुसळधार पावसात गुडघाभर पाण्यातून येत, पण शाळा बुडवत नसत. मी सातवीची फायनल पास झाले, कामशेतच्या शाळेत नोकरीला लागले. एकोणतीसचा पाढा मी लावणीच्या चालीवर शिकवते, ते त्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे बोलपट आले. पडद्यावरची माणसं स्वतःच बोलू लागली आणि मास्तरांची खुर्ची गेली. त्यांनी बायस्कोपवर थुंकून टाकलं. मग निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले. एके दिवशी त्यांचा निरोप आला, वर्तमानपत्र वाचून दाखवायला येशील का? मी गेले. का गेले, कुणास ठाऊक. नंतर दर रविवारी कामशेतहून गाडी पकडून जात राहिले.

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, जसं असेल तसं. त्यांना न रुचणाऱ्या बातम्या, मुलींच्या कॉलेजचं कौतुक, बोलपटांच्या जाहिरातीसुद्धा. ते मान खाली घालून ऐकत, आणि मी घडी घातली की दर वेळी विचारत, "काही गाळलं नाहीस ना?"

"नाही, मास्तर."

मग मी उंबरठा ओलांडायच्या आत शेजारच्या मुलाला हाक मारत आणि तेच पान पुन्हा वाचून घेत. मरेपर्यंत त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. बसणार कसा? दुसऱ्यांना वाचून दाखवणारा एकच माणूस त्यांनी जन्मभर जवळून पाहिला होता.