नितीनचं नाव यादीत

तीन मराठी माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर जेवली की किस्से आपोआप साठत जातात. आमचं टेबल सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या फूड कोर्टातलं. माणसं म्हणजे मी, माझ्याच ऑफिसातला नितीन साठे आणि इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी शुभदा. विषय ठरलेले: घरभाडं, इथे राहायला लागणारा नोकरीचा पास आणि इलेक्शन! त्यातले इलेक्शनचे तेवढे सांगतो. पूर्वी ते सांगताना मीच सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

*

२०१४ ची गोष्ट. परदेशातल्या भारतीयांनाही मतदान करता येतं, हे कळल्याबरोबर शुभदानं फॉर्म भरला. यादीत नावही आलं. मग समजलं की मत द्यायला स्वतः कोथरूडला हजर राहावं लागतं! तिनं रजा मागितली, तर तिचा प्रोफेसर म्हणाला, “का? तिकडे दुसरं कोणी नाही का मत द्यायला?”

पोरगी हट्टानं गेली. केंद्रावरच्या बाईंनी तिचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “सिंगापूरहून आलात? आमचे हे समोरच्या बिल्डिंगमधून अजून खाली उतरले नाहीयेत!”

*

नितीननं मात्र तोवर सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. मुलाची शाळा, फ्लॅट, पासची कटकट, कारणं नेहमीचीच. पुण्यात आई-अप्पांना सांगितलं नव्हतं. “पुढच्या ट्रिपला सांगतो,” असं तो प्रत्येक ट्रिपच्या आधी म्हणायचा.

२०१५ ला इथलं इलेक्शन आलं. इथे मतदान सक्तीचं. वुडलँड्सच्या एका शाळेत नितीन रांगेत उभा राहिला. मतपत्रिका घेताना सवयीनं डाव्या हाताचं बोट शाईसाठी पुढे केलं! इथे शाई लावतच नाहीत. टेबलामागची बाई घाबरली.

“अंकल, बोटाला काय झालं?”

“काही नाही,” नितीन म्हणाला, “जुनं आहे.”

आठवडाभर आम्ही त्याला येता-जाता बोट दाखवत होतो.

*

भारताचा पासपोर्ट निळा, इथला लाल. अप्पांच्या नजरेस पडू नये म्हणून नितीननं लाल पासपोर्टाला निळं कव्हर घातलं! मुंबई विमानतळावर पासपोर्ट तपासणारा ऑफिसर म्हणाला, “साहेब, कव्हर काढा. आत काय आहे ते आम्हाला बघावं लागतं.”

हा किस्सा नितीननंच रंगवून सांगितला होता. तेव्हा मी टेबल बडवून हसलो होतो.

*

अप्पा म्हणजे निवृत्त शिक्षक. कित्येक निवडणुकांची ड्यूटी केलेली. मतदार यादी आली की चष्मा लावून अख्ख्या सोसायटीची नावं तपासणार. २०१८ ला त्यांना यादीत मुलाचंच नाव सापडलं नाही. नितीन सुट्टीवर घरी पोचला, तर परदेशातल्या भारतीयांसाठीचा फॉर्म भरून तयार! फोटो चिकटवलेला, जुन्या पासपोर्टाची झेरॉक्स जोडलेली.

“फक्त सही कर.”

सहीच्या वर छापलं होतं: मी भारताचा नागरिक आहे आणि दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही.

नितीननं बाथरूममधून मला फोन लावला. “काय करू रे?”

“कर सही, कोण बघतंय!” मी म्हणालो. “म्हाताऱ्याला या वयात कशाला दुखवतोस?”

त्यानं सही केली, अप्पांनी फॉर्म नेऊन दिला. सल्ला माझा होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

*

तो परत आल्यावर महिन्याभरात यादीत नाव आलं. त्या दिवशी शुभदानं टेबलावर त्या फॉर्मची शेवटची ओळ मोबाइलवरून वाचून दाखवली. खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

“नितीन, येरवड्यात तुझा डबा कोण पोचवणार?” मी म्हणालो. तेव्हा जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

नितीननं चमचा खाली ठेवला. “फॉर्मवर अक्षर अप्पांचं आहे,” तो म्हणाला. “मला नेलं तर नेऊ देत. त्यांना चौकशीला बोलावलं तर?”

*

त्याच शुक्रवारी तो पुण्याला गेला आणि अप्पांना सगळं सांगून टाकलं. अप्पांनी चष्मा लावून यादीतलं त्याचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी नाव कमी करण्याचा फॉर्म मागवला. मतदार यादीचं काम बघणारी बाई त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, “सर, कारण ‘स्थलांतरित’ लिहू या. तेही खरंच आहे. उगाच चौकशी मागे लागायला नको.”

नितीन आशेनं अप्पांकडे बघत राहिला.

“अर्धं खरं मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही,” अप्पा म्हणाले. त्यांनी ‘भारतीय नागरिक नाही’ यापुढे खूण केली. आक्षेप घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. खाली सही केली.

पुढचे काही महिने पुण्याहून फोन आला की नितीनचा चेहरा उतरायचा. चौकशी काही आली नाही.

नवी यादी लागली त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. नितीनचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं आणि आमच्यासमोर सरकवला. अप्पांनी यादीच्या पानाचा फोटो पाठवला होता. अप्पांचं नाव, आईंचं नाव, आणि नितीनच्या नावावर तिरका शिक्का: ‘वगळले’.

खाली अप्पांनी लिहिलं होतं, “काम झालं. जेवलास का?”