गुलाबी सॅटिनखालची अळिंबी

माझ्या हुद्द्याला ‘समन्वयक’ म्हणतात. कृषी विस्तार केंद्रामार्फत गावातल्या बायकांना एखादा धंदा शिकवायचा आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईक गाठून द्यायचं, हे काम. आमची ही नातेवाइकांना सोपं करून सांगते, “हे दोन माणसांची ओळख करून देतात आणि मग मध्येच उभे राहतात.”

दिल्लीतल्या द्वारकेच्या पलीकडच्या एका गावातल्या बायकांचा गट आमच्याकडे अळिंबी पिकवायला शिकला. (माझ्या दिल्लीकर कन्येला अळिंबी म्हणजे काय ते कळत नाही, मशरूम म्हटलं की लगेच भूक लागते.) माल देखणा, पण नाशिवंत. रोज उचलणारा कुणी मिळाला तरच त्यांची शेड टिकणार होती. नाहीतर गटाच्या प्रमुखबाईंचा दीर तिथे म्हशी बांधायला टपलेलाच होता. म्हणून कोपर्निकस मार्गाकडच्या एका कँटीनच्या मराठी मॅनेजरला मी गळ घातली. “प्रशिक्षणाच्या समारोपाला येतो. माल पटला तर रोज घेऊ,” तो म्हणाला. इथवर माझा समन्वय झकास होता.

पण आमच्याकडे समारोपाला रिबन लागते. पाहुणे ती कापून मालावरचं कापड दूर करणार, तोवर कुणी कापडाला हात लावायचा नाही, असा आमच्या केंद्राच्या साहेबांचा दंडक. फोटो चांगला येतो म्हणे. जूनचं ऊन, मांडवातले सगळे पंखे व्यासपीठाकडे वळवलेले, आणि टोपल्यांवर गुलाबी सॅटिन. पाहुणे फोनवर “बस, निकल ही रहे हैं” म्हणत घरीच.

मॅनेजर वेळेवर आला आणि घाम पुसत बसला. प्रमुखबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “सर, इन्हें दिखा दूँ? अंदर माल पसीज रहा है, सड़ जाएगा.”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“बस, दो मिनट,” मी म्हणालो.

दिल्लीतली ती दोन मिनिटं! शेवटी मॅनेजरनेच उठून सॅटिनचा कोपरा उचलला. आत अळिंबी पिवळी पडून बुळबुळीत झालेली, आणि वास असा की मासळीच्या टोपलीवर शिळं ताक ओतावं. “हे रोज देणार तुम्ही?” एवढं विचारून तो निघून गेला. प्रमुखबाई पदर नाकाला लावून टोपल्यांजवळ उभ्या राहिल्या.

मग पाहुणे आले. नाकावर रुमाल धरून त्यांनी रिबन कापली, कापड उचललं, “वाह, एकदम फ्रेश!” म्हणाले, आणि साहेबांसकट सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. वर हॉटेलातून मागवलेली मशरूमची भजी बायकांच्या हातची म्हणून वाढली. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. मुलीने तो मोठा करून पाहिला. “बाबा, हा कात्रीचं ताट धरलेला तूच ना? यार, किती हसतोयस!”

“हसू दे गं,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. “समन्वय चाललाय. कात्री आणि रिबनचा.”

त्या रात्री भाजीचा वाससुद्धा सोसवेना. पहाटेच गाडी काढून बायकांच्या गावी गेलो. प्रमुखबाईंनी नुकतीच खुडलेली अळिंबी उघड्या टोपलीत घेतली होती; मी सवयीने वर माझा रुमाल पसरायला गेलो, तर त्यांनी तो घडी करून माझ्या खिशात कोंबला. टोपली गाडीत ठेवून आम्ही थेट कँटीन गाठलं. मागच्या दाराशी मॅनेजर माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालत बाहेर आला. मग टोपलीत वाकला. एक अळिंबी मोडली, हुंगली, आणखी एक मोडली.

“ठीक आहे. उद्यापासून रोज आणा,” तो प्रमुखबाईंना म्हणाला, आणि मी पुढे सरसावलो तसा माझ्याकडे वळला. “बाईंनी आणावं. साहेब, तुम्ही नका येऊ.”