अण्णांचा अंगठा

अण्णा सायकलचं चाक डोळे मिटून तपासायचे. चाक काढून मांडीवर घ्यायचे, आखाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवायचे आणि मान वर करून बसायचे. मग निकाल. "खरखरतंय. छर्रे गेले." निदान डोळे तरी उघडा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "डोळा फसतो गं. बोट नाही फसत."

आमच्या शेजारचे हे अण्णा तरुणपणी साताऱ्याहून मध्य प्रदेशातल्या देवासला कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. आमच्याशी मराठी, गल्लीशी हिंदी, आणि रागावले की दोन्हींची खिचडी. निवृत्त झाल्यावर त्यांचा खरा सण एकच उरला, खंडेनवमी. हत्यारांची पूजा घरोघर होते, पण अण्णांकडे सायकल आधी खोलली जायची. चाकातली वाटी आणि तिच्यात पोलादी छर्रे दाबून धरणारा कोन रॉकेलनं धुवायचे, झिजले असतील तर बदलायचे, नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवायचे, मगच झेंडूचं फूल. "आतून घाण आणि वरून हळदकुंकू, हे देवाला चालत असेल, मला नाही चालत." कोन आवळताना तर श्वाससुद्धा रोखायचे. घट्ट झाला तर छर्रे खाणार, ढिला राहिला तर चाक डुलणार. त्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या सगळ्या सायकली त्यांच्या ओट्याशी लागलेल्या असायच्या.

गेल्या खंडेनवमीला माझी सायकल शेवटी आली. मी तिच्यावरून रोज शाळेत शिकवायला जाते, हायवे ओलांडून, ट्रकांच्या मधून. पुढचं चाक बरेच दिवस घरघरत होतं. अण्णांनी कोन धुतला, डोळे मिटले, त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे. हाच चालेल."

मला तर समोर दिसत होतं. कोनाच्या चकचकीत अंगावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते, कडेचा टवका उडाला होता.

"अण्णा, नीट बघा की."

"मला शिकवतेस?"

"शिकवते. माझा धंदाच तो आहे."

मी आहेच फटकळ. त्यांनी रागानं कोन पुन्हा चोळायला घेतला आणि हातातल्या पांढऱ्या फडक्यावर लाल डाग पसरला. तुटक्या कडेनं अंगठा चांगला खोल चिरला होता, आणि ते आपले चोळतच होते.

"अण्णा, रक्त."

त्यांनी डोळे उघडले. अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. दारातून काकू म्हणाल्या, "साखरेनं बोटं बधिर होताहेत, डॉक्टर म्हणाले होते. परवा तापलेला तवा तसाच उचलला यांनी. मी बोलले, तर माझ्यावरच उखडले." एरवी अण्णांनी त्यांना पुढं बोलू दिलं नसतं. या वेळी त्यांनी हातातला कोन खाली ठेवला, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"म्हणजे सकाळपासून बांधलेली चाकं..." एवढंच म्हणाले आणि उठले. उद्या दसऱ्याची सुट्टी होती; परवा त्याच सायकलींवरून गल्ली कामाला निघणार होती.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी सांगून येते, ग्रीस खराब निघालं म्हणून."

"ग्रीसला कशाला बदनाम करतेस? ग्रीस चांगलं आहे."

ते घरोघर गेले, फडकं अंगठ्यावर दाबून. मी मागं. प्रत्येक दारात तेच वाक्य. "भिया, पहिया फिर से खुलवा लो. मेरे हाथ को अब पता नी चलता." कुणी हसून म्हणे, "अरे अण्णा, मस्त चल री है, रेने दो." मग अण्णा तेच वाक्य पुन्हा म्हणत, थोडं मोठ्यानं. ज्या माणसानं उभ्या जन्मात आपलं चुकलं असं कबूल केलं नाही, त्याच्या तोंडून ते ऐकणं मला सोसेना. मी दोनदा म्हटलं, पुरे आता. ते थांबले नाहीत. शेवटचं घर झाल्यावरच ओट्यावर येऊन बसले आणि अंगठा माझ्यापुढं धरला.

"बांध."

मी धुतल्या धोतराची चिंधी फाडून गुंडाळली, गाठ मारली.

"घट्ट झालं का हो, अण्णा?"

सवयीनं त्यांनी डोळे मिटले. मान वर केली. अंगठा तर्जनीवर फिरवून पाहिला.

"ते आता तूच बघ," म्हणाले.