मामाची मांडी

कान टोचायला, जावळ काढायला मामाची मांडी लागते, म्हणून माझी दाढ काढायलाही मामांनाच बोलावलं होतं. कंधारच्या त्या दवाखान्यात त्यांनी मला मांडीवर घेऊन असं आवळलं की श्वास घेता येईना. मी लहान होते. डॉक्टरांच्या बोटाला चावले आणि मामांची पँट ओली केली. पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मामा ही गोष्ट सांगायचे. माझ्या लग्नातही सांगितली, सासऱ्यांसमोर. आई म्हणायची, "एवढं काय मनावर घ्यायचं?" मी घेतलं. चांगलं जपून ठेवलं.

माझ्या लेकीच्या दाढा किडल्या तेव्हा एकच ठरवलं होतं, हिची गोष्ट मामांना मिळू द्यायची नाही. ती नुसती खुर्ची पाहून थरथरायची. लातूरच्या, लहान मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडावाटे गुंगीचं औषध देऊ. जागी राहील, पण भीती ओसरेल. उपाशीपोटी आणा."

मामा लातुरातच राहतात. न बोलावता हजर झाले. "धरायला मी हाय की. लेकराला औषध कशाला पाजून राहिलात?"

"इथं कुणी धरत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांना बाहेरचा बाक दाखवला. मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

लेक तोंड वाकडं करत औषध प्यायली. थोड्या वेळानं तिची मूठ सैल पडली. तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून नर्स शेवटपर्यंत तिच्या श्वासाकडे बघत होती. दाढा भरून झाल्या. लेक माझा हात धरून शांत पडली होती.

निघताना मामा मागे रेंगाळले. दाराशी मला ऐकू आलं, "मॅडम, माझी बी एक दाढ लई ठणकून राहिली. पण भ्या वाटतं. ते औषध मला बी देता का?"

मी हेही जपून ठेवलं. लग्नसराई जवळच होती.

नायगावच्या लग्नात मामांनी पंगतीत लेकीला गाठलं. "काय गं, किती रडलीस?"

"मला काही आठवतच नाही," ती म्हणाली आणि भाताकडे वळली.

मामांनी मग माझी जुनी गोष्ट काढायला तोंड उघडलं. त्याआधी मी त्यांची सांगितली, त्यांच्या व्याह्यांसमोर, त्यांच्याच आवाजात. शेवटी म्हटलं, "औषध कशाला, मामा? धरायला मी हाय की."

अख्खी पंगत हसली. मामा मान खाली घालून बसले. दाढ अजून तशीच होती, हे मला ठाऊक होतं. मी वाढप्याला थांबवून त्यांच्या ताटात दोन जिलेब्या घातल्या.

"एवढं काय मनावर घ्यायचं, मामा? खा."