आत्तीनं न मारलेली हाक

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं असेल, तर ते माझ्या आत्तीचं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन ती निपाणीजवळच्या आमच्या गावी परत आली, आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घरात मॅट्रिक झालेला पहिला मीच.

माझा निकाल लागला तेव्हा जगात महायुद्ध चालू होतं. आमच्या घरातलं त्या निकालानंतर सुरू झालं.

आत्ती म्हणाली, "पोरगं बेळगावच्या कॉलेजात जाईल."

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पोरगं तंबाखूच्या वखारीत बसंल."

आत्तीनं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा अण्णांनी जाहीर केलं, "आक्का, तू हट्ट सोडंस्तवर मी तुझ्याशी बोलणार न्हाय."

"बरं," आत्ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

तेव्हापासून अण्णा माजघरातल्या खांबाशी बोलू लागले. "खांबा, आमटीत मीठ कमी हाय." आत्ती मांजराला उत्तर द्यायची, "मांजरे, मीठ ताटाच्या डाव्या अंगाला वाढलंय म्हणावं." खांब आणि मांजर दोघंही बिचारी निमूट ऐकून घ्यायची. मी काही बोलायला गेलो की आत्ती मला गप्प बसवायची, "तू मधी पडू नगंस. ही मोठ्यांची लढाई हाय."

संध्याकाळी अण्णा चावडीपुढच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. तिथं ते सेनापतीच असत. एकदा म्हणाले, "लांबलेली लढाई कोण जिंकतं? ज्याचं धान्याचं कोठार मोठं, त्यो."

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "व्हय अण्णा, पर तुमच्या घरच्या लढाईत कोठाराची किल्ली कुणाच्या कनवटीला हाय?"

सगळा कट्टा हसला. अण्णांनी पान उलटलं.

आमचं घर जैनांचं. दिवस मावळला की अन्न वर्ज्य. कट्ट्यावरचे ऐकणारे मात्र बहुतेक दिवे लागल्यावर निवांत जेवणारे होते, त्यामुळे तिथून उठायची घाई कुणालाच नसे. एरवी आत्ती दारात उभी राहून हाक मारायची, "ये रं जेवायला, दिवस चालला!" त्या हाकेवर अण्णांनी जन्मभर जेवण केलं होतं. आता बोलणंच बंद, तर हाक कुठली? त्यातून आषाढाचं आभाळ. सूर्य आहे की गेला, काही कळायचं नाही. अण्णा रशियाच्या सरहद्दीवरून घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा.

पहिल्या दिवशी ते पाणीही न पिता झोपले. दुसऱ्या दिवशी फार लवकर आले, तर चूलही पेटलेली नव्हती. परत कट्ट्यावर गेले आणि पुन्हा बातम्यांत अडकले. मग हे वरचेवर होऊ लागलं. तक्रार तरी काय करणार? ताट वाढून झाकलेलं असायचं. न बोलण्याची अटही त्यांचीच होती.

इकडं कॉलेज सुरू व्हायची वेळ जवळ येत होती. मला रात्री झोप लागेना. हे युद्ध असंच चाललं असतं तर मी वखारीतच बसलो असतो.

अशाच एका संध्याकाळी अण्णा उपाशी पोटी माजघरात आले आणि खांबाला म्हणाले, "खांबा, दिवस मावळताना माणसाला हाक मारायची रीत हुती या घरात."

"मांजरे," आत्ती म्हणाली, "ज्याचं बोलणं बंद, त्याला हाक कशी मारायची गं?"

अण्णांनी रागानं ताटावरचं झाकण उचललं. त्या ताटाशेजारी आणखी एक ताट झाकलेलं होतं. त्यांनी तेही उघडलं. भाकरी अख्खी होती.

"आक्का, तू बी जेवली न्हाईस?"

"भाऊ उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरंल व्हय?"

"म्हंजे एवढे दिस...?"

"मला उपासाची सवय हाय. तू बोललास न्हवं? मग आता पोराचं बोल."

अण्णा खांबाला टेकून खाली बसले. म्हणाले, "जाऊ दे त्याला बेळगावला. पर उद्या हाक मार बाई."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यांनी सांगितलं, "आपण माघार घेतली न्हाय. तह केला." तेवढ्यात घराकडून हाक आली आणि सेनापती वर्तमानपत्र तिथंच टाकून उठले.

मी बेळगावच्या बोर्डिंगात राहिलो, शिकलो. पदवीचा निकाल कळला त्याच दिवशी आत्तीला हे पत्र टाकलं:

"आत्ती,

बी. ए. झालेलं डोकं प्रथम तुझ्या पायांवर ठेवतो. हे पत्र अण्णा वाचून दाखवतील. काही गाळू नका म्हणावं.

इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, लांबलेल्या युद्धात जय कशावर ठरतो? मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं: सैन्य, धान्य, पैसा, दोस्त राष्ट्रं. खरं लिहिलं असतं तर नापास झालो असतो. यातलं तुझ्याकडं फक्त धान्य होतं, आणि तेही तू खाल्लं नाहीस. अण्णांना रोज नव्यानं रागवावं लागायचं. तू रोजचंच काम करत होतीस. त्यांना फक्त जिंकायचं होतं. तुला मला शिकवायचं होतं, आणि त्यांना एकट्यांना उपाशी ठेवायचंही नव्हतं.

शनिवारच्या मोटारीनं येतो. वाटेत मोटार बंद पडून दिवस मावळला, तर माझ्यासाठी थांबू नकोस. वेळेवर जेवून घे. एवढं एकदा ऐक, आत्ती. तुझ्याशी लढायची माझी ताकद नाही."